हळद, किरणे आणि एक अपुरा तर्क

येरमाळ्यात हळद देवीला वाहतात, जखमेवरही दाबतात. त्यामुळे ‘हळद किरणांच्या इजेपासून वाचवते’ हे विधान इथल्या वर्गात सहज पटते. विज्ञानाच्या लेखांतही ते येते, पण बहुधा अर्धेच.

आयोडीनच्या फिकट द्रावणात लिंबाचा रस टाकून पाहा. रंग उडतो, कारण क जीवनसत्त्व आयोडीनला इलेक्ट्रॉन देते. अँटिऑक्सिडंट म्हणजे असाच इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ. क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशीतील पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके बनवतात आणि ती डीएनए तोडतात. मग अँटिऑक्सिडंट ती थोपवील, असा हा तर्क आहे. पण हे मूलक जेमतेम नॅनोसेकंदभर टिकते आणि जवळ सापडेल त्या रेणूशी भिडते. म्हणजे रक्षक पदार्थ किरण पडण्याआधीच डीएनएपाशी भरपूर हवा. हळदीतील करक्युमिन तर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, खाल्ल्यावर रक्तात फारच थोडे पोचते. नंतर प्यायलेले हळदीचे दूध या मूलकांना कसे गाठणार?

दाह कमी होण्याची शक्यता वेगळी. अमेरिकेत २०१३ साली स्तनाच्या कर्करोगाच्या ३० रुग्णांना किरणोपचाराच्या काळात करक्युमिन किंवा तशीच दिसणारी निरौषधी गोळी दिली. करक्युमिनवाल्यांची त्वचा कमी सोलवटली. हा निष्कर्ष भराभर पसरला. २०१८ साली ६८६ रुग्णांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा फरक उरला नाही. त्याचा उल्लेख मात्र क्वचित आढळतो!

दुसरा प्रश्न तर बहुतेक लेखक विचारतच नाहीत: गोळीने पेशी वाचत असतील, तर कर्करोगाच्याही वाचतील का? कॅनडात डोके-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिनचा प्रयोग झाला. किरणोपचाराचे तीव्र त्रास कमी झाले, पण २००६ सालच्या अहवालात गोळी घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त आढळले.

अशी परीक्षा आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावगटांत, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे आठ वर्षे थांबल्यावर कळले.

आपल्या भागातून बार्शीला किरणोपचारासाठी जाणाऱ्यांनी आमटीतली हळद सोडायचे कारण नाही. कॅप्सूल किंवा काढा घेत असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.