बुधवारचा प्रयोग

मराठी नाटकाची तब्येत रविवारी विचारू नये. रविवारी ते धडधाकटच दिसतं. दादरला शिवाजी मंदिरच्या पायऱ्यांवर गर्दी, पुण्यात बालगंधर्वच्या आवारात गाडी लावायला जागा नाही, ठाण्याला गडकरीबाहेर हाउसफुल्लची पाटी. ज्याला नाडी बघायची आहे त्याने बुधवारी संध्याकाळी त्याच फाटकापाशी जाऊन उभं राहावं. आत कुठल्या तरी शाळेचं स्नेहसंमेलन चाललेलं असतं, एखाद्या पतपेढीची वार्षिक सभा असते, नाही तर नुसतं कुलूप.

मराठी नाटक मेलं, ही बातमी त्याच्या पाचवीलाच पुजलेली आहे. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर मराठी बोलू लागला तेव्हा ती आली, १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन आलं तेव्हा आली, आणि मार्च २०२० मध्ये सगळ्या नाट्यगृहांना टाळं लागलं तेव्हा तर ती खरीच वाटली. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात दारं उघडली आणि लोक आले. अर्ध्या चड्डीच्या वयापासून नाटकं बघत आलेल्या माझ्यासारख्याने मरणाची भाषा करण्यात अर्थ नाही. माझी तक्रार वेळापत्रकाची आहे. नाटक शनिवार-रविवारचं झालं, आणि त्याची झळ गल्ल्याइतकीच लेखनाला आणि अभिनयाला बसली.

आपल्याकडे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत प्रयोगाचा आकडा छापतात. बाहेरच्याला तो निर्मात्याचा डांगोरा वाटेल. मुरलेला प्रेक्षक मात्र त्या आकड्यावरून तिकीट काढतो. शुभारंभाचा प्रयोग मी शक्यतो टाळतो. नटांना वाक्यं पाठ असतात, प्रेक्षक पाठ नसतो. हशा संपायच्या आत पुढचं वाक्य येतं आणि वाया जातं. तोच नट काही आठवड्यांनी बघावा. आता तो हशा पुरता चढू देतो, मधल्या वेळात चष्मा पुसतो, कपातला चहा ढवळतो, आणि हशा ओसरू लागला रे लागला की वाक्य टाकतो. ते चष्मा पुसणं संहितेत नसतं, दिग्दर्शकानेही सांगितलेलं नसतं. समोरच्या काळोखाने ते शिकवलेलं असतं. आठवड्याला चार-पाच प्रयोग असले की हे दोन महिन्यांत साधतं. दोनच असले, तर साधायच्या आत नाटक तरी उतरतं किंवा नट तरी बदलतो.

‘घाशीराम कोतवाल’चंच बघा. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ते पहिल्यांदा उभं राहिलं. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, मोहन आगाशेंचा नाना, यावर भरपूर लिहून झालं आहे. माझी नजर नेहमी ब्राह्मणांच्या त्या डुलणाऱ्या रांगेवर राहते. क्षणात ती पडदा होते, क्षणात भिंत, क्षणात जमाव. एका खांद्याची लय चुकली तरी भिंतीला भगदाड पडतं. नेपथ्याला दमडी लागत नाही. घाम मात्र पिंपभर. १९८० मध्ये ही रांग युरोपात गेली ती तिथल्या लोकांना दाखवायला म्हणून कोणी मुद्दाम बसवली नव्हती, प्रयोगामागून प्रयोग करून ती अंगात भिनलेली होती. एवढी माणसं आज कुठला निर्माता टेंपोच्या मागच्या बसमध्ये बसवून सोलापूर-लातूरला नेईल? त्यांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, जेवण, लॉजच्या खोल्या यांचा हिशेब मांडला की संहिता वाचायच्या आधीच नकार येतो.

मधले वार गेले कुठे? पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, पाठोपाठ ईटीव्ही मराठी आलं आणि रोजच्या मालिकांनी नटाला पोटापाण्याची हमी दिली. ती हमी नाटकाने कधीच दिली नव्हती, तेव्हा त्यावर नाक मुरडायचा हक्क आपल्याला नाही. पण घोडबंदर रोडच्या सेटवर बारा-तेरा तास उभा राहिलेला नट रात्री साडेआठला दादरला पोचणार कसा? मग तारखा शनिवार-रविवारच्या मागितल्या जातात, सगळेच त्याच मागतात, आणि तारखांचं वाटप हा नाट्यव्यवसायातला खरा नाट्यपूर्ण भाग होऊन बसतो.

दुसरं कारण कमी बोललं जातं. प्रेक्षक डोंबिवलीला गेला. गिरगाव आणि गिरणगाव ही मुंबईतल्या नाटकाची दोन घरं. गिरगावात साहित्य संघ, परळला १९२२ चा दामोदर हॉल. तिथे गिरणी कामगार पाळी संपवून यायचे आणि कामगार रंगभूमीवर स्वतःही उभे राहायचे. १९८२ च्या संपानंतर ती वस्ती विसकटली. नाट्यगृहं माणसांच्या मागोमाग गेली, ही चांगलीच गोष्ट: बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, वाशीला विष्णुदास भावे, कल्याणला आचार्य अत्रे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले. पण साडेसातला लोकलमधून उतरणारा, सकाळी सहाला पुन्हा फलाटावर असणारा माणूस मंगळवारी तीन तास देऊ शकत नाही. चालत जाऊन नाटक बघणाऱ्यांचा प्रेक्षकवर्ग संपला. आता चौघांच्या कुटुंबाने तीनशे ते पाचशेची तिकिटं काढून, वर मध्यांतरातला बटाटेवडा धरून ‘कार्यक्रम’ ठरवायचा असतो. असा बेत महिन्यातून एकदा होतो, आणि त्यात धोका कोण पत्करतो? ओळखीचा चेहरा असलेलं, हसवणारं नाटक निवडलं जातं.

इथून पुढचं लेखकाच्या वाट्याला येतं. गेल्या काही वर्षांतली नवी व्यावसायिक नाटकं आठवून पाहिली तर डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा एकच खोली येते: मधोमध सोफा, डावीकडे स्वयंपाकघराचं दार, मागे बाल्कनी, तीन-चार पात्रं, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाहेर पडणारं एक कौटुंबिक गुपित. अभिनय बहुतेक वेळा उत्तम असतो, संवाद चटपटीत असतात, आणि पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत नाटक डोक्यातून गेलेलं असतं. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांचा सलग प्रयोग ‘आविष्कार’तर्फे केला होता. लोक दिवसभर बसले. तेवढ्या आवाक्याचं काही आज नव्याने लिहिलं जात असेल, तर ते कुणाच्या तरी खणात पडून आहे.

जुन्या नाटकांचं पुनरुज्जीवन हाही धोका पत्करायच्या त्याच भीतीचा प्रकार आहे, पण सगळीच पुनरुज्जीवनं एका मापाने मोजता येत नाहीत. नाव आणि नट विकायला आणलेली बरीच. २०२२ मध्ये पुन्हा आलेलं ‘चारचौघी’ त्यातलं नव्हे. प्रशांत दळवींचं हे नाटक १९९१ चं. ते आजच्या काळात आणून बसवण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला, आणि नाटकातल्या विद्याच्या हातात वायरवाला फोनच ठेवला. विद्या झालेली मुक्ता बर्वे त्या रिसीव्हरशी एकटी किती तरी वेळ बोलते. पलीकडचा नवरा आपल्याला ऐकू येत नाही, पण त्याचं प्रत्येक वाक्य तिच्या मानेवर दिसतं. वायर ताणली जाते तेवढीच तिला हालचालीची मुभा. मोबाइल वाजला म्हणून नटांना प्रयोग थांबवावे लागतात अशा या दिवसांत, अख्ख्या नाट्यगृहाला गप्प करणारा फोन मी तेवढा एकच पाहिला आहे.

आणि कमी पात्रं म्हणजे कमी नाटक असं ज्यांना वाटतं त्यांना ‘संगीत देवबाभळी’ने २०१७ मध्ये उत्तर दिलं. प्राजक्त देशमुखच्या या नाटकात दोनच बायका: तुकोबांची गरोदर आवली आणि तिच्या पायात रुतलेल्या काट्यापायी घरकामाला येऊन राहिलेली लखुबाई, म्हणजे खुद्द रखुमाई. विठ्ठलावर दोघींचा राग, दोन वेगवेगळ्या कारणांनी. दोघी तिथल्या तिथे गातात आणि गाताना भांडी घासतात, पाणी भरतात. संगीत नाटकातलं पद म्हणजे कथा थांबवून आळवायची चीज, हा शिरस्ता इथे मोडला. गाणं संपतं तेव्हा नाटक पुढे सरकलेलं असतं. मला त्यातला शेवटाकडचा भाग थोडा लांबलेला वाटला, पण ती तक्रार करताना मी खुर्चीतून उठलो नव्हतो.

२०१२ चं ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ आणखी वेगळ्या वाटेने आलं. जालन्याकडची नटमंडळी, त्यांच्या तोंडी त्यांचीच बोली, आणि पोवाड्याचा दणका. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक वेळापत्रकात ते नाटक घुसलं आणि टिकलं. त्यानंतर मराठवाड्यातून रांग लागेल अशी माझी अपेक्षा होती. लागली नाही.

प्रायोगिक रंगभूमीबद्दल हळहळण्याची एक ठरलेली पद्धत आहे: दादरच्या छबिलदास शाळेचं नाव घ्यायचं आणि उसासा टाकायचा. सत्तरच्या दशकातलं ते माडीवरचं सभागृह मोठंच होतं, कबूल. पण पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, द बॉक्स आहे, तिथे शंभर-दीडशे माणसांपुढे आठवड्याच्या मधल्या वारीही प्रयोग होतात, आणि हाताच्या अंतरावरून नटाचा श्वास ऐकू येतो. अडचण पुढच्या पायरीची आहे. महाविद्यालयीन एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून वीस-बावीस वर्षांचे लेखक समोर आणतो. त्यांना चाळीस-पन्नास मिनिटांचा झटका जमतो; दोन अंकांचा दम शिकायला जागा लागते, फसलेले प्रयोग लागतात, बुधवार लागतो. तो मिळत नाही, आणि पोरं मालिकांचे संवाद लिहायला बसतात.

वास्तूंबद्दल थोडक्यात. दामोदर हॉल शतक उलटल्यावर पुनर्विकासासाठी बंद झाला. पुण्याचं बालगंधर्व, १९६८ चं, पाडायचं की ठेवायचं हा घोळ वर्षानुवर्षं चालू आहे. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडलेली माणसं खरी होती. मात्र आग लागेपर्यंत त्या इमारतींकडे, तिथल्या रंगपटांकडे आणि स्वच्छतागृहांकडे आपण कसं बघतो हे दौऱ्यावरच्या कुठल्याही नटीला विचारा.

इमारतीशिवायही नाटक चालतं, रोज चालतं, हे बघायला गडचिरोलीतलं वडसा गाठावं लागतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत दिवाळी आटोपली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि नाटकांचा हंगाम उघडतो, तो पार होळीपर्यंत. गोव्यात जत्रेच्या रात्री देवळापुढे गावकरी स्वतः नाटक करतात, सिंधुदुर्गात दशावतार पहाटेपर्यंत रंगतो. पण झाडीपट्टीचा व्यवहार अस्सल धंद्याचा आहे. वडशाला कंपन्यांची कचेऱ्यांसारखी दुकानं, तिथे गावोगावची मंडळं येऊन प्रयोग ठरवतात. रात्री दहाच्या सुमाराला शेतातल्या मंडपात पडदा उघडतो आणि कोंबडं आरवायच्या बेताला पडतो. सामाजिक कथा, मधूनच लावणी, ऑर्गन, ढोलकी, आणि लोक ज्याची वाट बघत असतात तो विनोदी नट. घराघरांत पाहुणे उतरलेले, सोयरिकी जुळवायच्या त्याच दिवसांत. आमच्या शहरी चवीला हे भडक वाटतं, संवाद मोठ्याने फेकलेले वाटतात. ध्वनिक्षेपकावरून मंडपाच्या टोकापर्यंत पोचायचं असेल तर दुसरं काय करणार? झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या नाट्यरसिकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

वडशाच्या कंपन्यांच्या पोस्टरवर आता मुंबईच्या पडद्यावरचे चेहरेही झळकतात, मोठ्या टायपात, गावच्या नटांच्या वर. त्यांची नाइट अर्थातच जास्त. मंडळवाले म्हणतात, चेहऱ्याने तिकीट खपतं. विनोदी नट मात्र अजून तिथलाच लागतो, कारण पहाटे तीनला जागं ठेवणारा हशा त्या बोलीशिवाय येत नाही.