धायटीचा नकाशा

उजाड उतारावर लावलेलं झुडूप नेमकं कुठे तगेल, याचा आगाऊ अंदाज नकाशावर मांडणारी 'मॅक्सेंट' ही रीत फिलिप्स, अँडरसन आणि शापिरे यांनी २००६ साली पुढे आणली. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीकडच्या धायटी या झुडपासाठी ती लावून पाहावी. तिची नजाकत गोंदियात विशेष कळते.

वनस्पतिसंग्रहातला वाळका नमुना सांगतो, की धायटी अमुक जागी होती. ती कुठे नव्हती, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. ही रीत तो पुरावा मागतच नाही. सापडलेल्या जागांचं हवामान सरासरीने जुळवून घ्यायचं आणि त्यात बसणाऱ्या सगळ्या शक्यतांतली सर्वांत पसरट निवडायची. ठाऊक आहे त्यापलीकडे बोलायचं नाही, हा संयम चक्क समीकरणात बसवलाय!

आता पाऊस. गोंदियात तो वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर. तेवढाच आकडा पाहणारा या जिल्ह्याला कोरडा म्हणणारच नाही. पण बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि मुरमाड उतारावरून खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, जातो. वर मे महिन्यात नुसता तापलेला दगड. म्हणून 'वर्ल्डक्लिम' या हवामानाच्या आकडेवारीतल्या १९ घटकांत वार्षिक पावसाबरोबर त्याची विषम विभागणी आणि सर्वांत कोरड्या तिमाहीतला पाऊस वेगळे मोजलेत, याचं मोल इथे कळतं. शिवाय नमुन्यांनी कधी न पाहिलेलं हवामान समोर आलं, तर धायटीच्या पसंतीची रेषा अंदाजाने पुढे धावत नाही, शेवटच्या मूल्यावर थबकते. असं थांबणं भल्याभल्या अभ्यासकांना जमत नाही.

नमुने गोळा करणारे बहुधा रस्त्याकडेने फिरतात. मग नकाशा धायटीऐवजी रस्त्यांच्याच प्रेमात पडतो. त्यावरचा तोडगा खोडकर आहे: ही रीत तुलनेसाठी परिसरातले जे बिंदू घेते, तेही त्याच वाटांवरून उचलायचे, की दोन्हीकडचा पक्षपात एकमेकाला बराचसा खाऊन टाकतो.

एक मात्र खटकतं. 'वर्ल्डक्लिम'चा बारीकात बारीक चौकोन सुमारे एक किलोमीटरचा. तेवढ्यात इथे बोडी, तिची पाळ, कन्हार मातीतल्या धानाच्या बांध्या आणि वरची बरडी, सगळं मावतं, आकडा एकच. अशा वेळी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानातून रडारने मोजलेली उंची मदतीला घ्यावी. ती सुमारे ३० मीटरच्या चौकोनांत मिळते. तिच्यातून उतार काढता येतो, उताराचं तोंड कुठे तेही. दक्षिणेचं ऊन खाणारी बरडी आणि उत्तरेची सावलीतली कूस वेगळ्या पडतात, आणि एकाच किलोमीटरात नकाशा दोन निकाल देऊ लागतो.