‘एकच प्याला’ आणि बंदीचा वाद

ज्या नाटकाचें नांव घेतांच मराठी घरांतील आजोबांपासून नातवापर्यंत साऱ्यांना त्यांतील गोष्ट आठवते, अशा नाटकावर टीका लिहिणें एका परीनें सोपें व एका परीनें कठीण असतें. सोपें अशासाठीं कीं, कथानक सांगत बसावें लागत नाहीं. कठीण अशासाठीं कीं, ठाऊक असलेली गोष्ट आपण पुन्हां वाचीत नाहीं, नुसती आठवतों. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चें तसेंच झालें आहे. हें दारूबंदीचें नाटक होय, असें आपण धरून चाललों आहों. दारू, गांजा, अफू इत्यादि मादक पदार्थांवर बंदी असावी कीं त्यांस मोकळीक असावी, हा वाद निघाला म्हणजे बंदीच्या बाजूचे लोक सुधाकरास साक्षीला बोलावतात, आणि मोकळिकीच्या बाजूचे लोक त्या साक्षीस भावनेचा उमाळा म्हणून बाजूस सारतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या साक्षीदाराची उलटतपासणी दोहों पक्षांनीं अद्याप केलेली नाहीं.

नाटक १९१७ सालीं लिहिलें गेलें. १९१९ च्या जानेवारींत गडकरी वारले, आणि त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. पदें विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा आणि सिंधू बालगंधर्वांची. योगायोग असा कीं, ज्या महिन्यांत गडकरी गेले त्याच महिन्यांत अमेरिकेंतील दारूबंदीच्या घटनादुरुस्तीस पुरेशा राज्यांची संमति मिळाली. वर्षभरानें ती अमलांत आली आणि १९३३ च्या डिसेंबरांत रद्द झाली. इकडे मुंबई शहरांत काँग्रेस मंत्रिमंडळानें १९३९ च्या ऑगस्टांत बंदी आणली. पुढें १९४९ सालीं मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्याच कायद्याच्या आधारें आज महाराष्ट्रांत दारूचे परवानेहि दिले जातात. शंभर वर्षांत कायद्यानें इतकीं स्थित्यंतरें पाहिलीं. परंतु या अवधींत सिंधूसाठीं प्रेक्षकांचे डोळे ओले व्हावयाचे थांबले नाहींत. तेव्हां या नाटकाचें मर्म कायद्याहून निराळ्या ठिकाणीं असलें पाहिजे, अशी शंका येणें स्वाभाविक आहे.

पांच अंकांच्या या नाटकांत कायदा ठळकपणें दोनदां दिसतो. आरंभीं न्यायासनाशीं खटका उडून वकील सुधाकराची सनद कांहीं काळ रद्द होते. मानी माणसाचें डोकें तापलेलें आणि हात रिकामे, अशा वेळीं त्याचाच कारकून तळीराम त्याच्यापुढें पहिला प्याला धरतो. दुसऱ्यांदा कायदा येतो तो शेवटीं, फौजदाराच्या वेषांत. मूल गेलें आहे, सिंधू मरणाच्या दारांत आहे, अपराधी समोर आहे. आपण पडून आपणांस लागलें, असें सिंधू सांगते, आणि फौजदारास रिकाम्या हातांनीं परतावें लागतें. प्रेक्षक या ठिकाणीं पातिव्रत्याची थोरवी पाहून गहिंवरतात. आम्हांस येथें आणखी एक गोष्ट दिसते. ज्या घरास दंडाचें भय वाटतें तें घर दंड करणारापाशीं खरें बोलत नाहीं. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो, आणि ज्या माणसाचें रक्षण करण्यासाठीं तो आलेला असतो तेंच माणूस त्यास परत पाठवितें.

याचा अर्थ नाटक मोकळिकीच्या बाजूचें आहे, असा मात्र नव्हे. सुधाकर रामलालास मद्यपीच्या तीन अवस्था समजावून सांगतो, तो भाग नाटकाचा बौद्धिक कणा आहे. पहिला प्याला घेण्यापूर्वीच सुटका शक्य असते. पुढें आहे तो एकाच उताराचा रस्ता, असा त्याचा आशय. हें विधान सर्वांच्या बाबतींत खरें आहे काय? १८९३ सालीं सरकारनें नेमलेल्या भांग, गांजा व चरस यांच्या चौकशी मंडळानें सुमारें बाराशें साक्षी घेऊन १८९४ सालीं जो अहवाल दिला, त्याचा निष्कर्ष याच्या उलट होता. माफक सेवनानें सामान्यतः अपाय होत नाहीं, अतिसेवनानें होतो. सबब सरसकट बंदी करूं नये, कर व परवाने यांनीं आळा घालावा, असें बहुमत पडलें. मंडळाच्या दोघां हिंदी सभासदांनीं मात्र भिन्न मत नोंदविलें. अहवाल खोटा नाहीं आणि सुधाकरहि खोटा नाहीं. माफक घेणारे पुष्कळ असतात; बुडणारे थोडे असतात. परंतु पहिल्या प्याल्याच्या वेळीं आपण कोणत्या रांगेंत आहों, हें कोणासच ठाऊक नसतें. सुधाकरासहि तें ठाऊक नव्हतें. नाटकाचें नांव या अज्ञानावरच बेतलेलें आहे.

स्वातंत्र्यवादी वाचक येथें मिल्लचा आधार घेतील. १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ ग्रंथांत त्यानें चीनमधील अफूच्या आयातीवरील बंदी ही गिऱ्हाइकाच्या स्वातंत्र्यावरील घाला म्हणून गणली आहे. आम्हीहि हा ग्रंथ मोठ्या आदरानें शिकलों व शिकविला. तथापि तो लिहिणारा पुरुष पस्तीस वर्षें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत होता. ती कंपनी बंगालच्या अफूचा मक्ता चालवीत असे, आणि आपल्या मुंबई बंदरांतूनहि माळव्याची अफू चीनकडे जात असे, हें विसरून चालत नाहीं. गिऱ्हाइकाच्या स्वातंत्र्याची कड घेणारा वाद विकणाराच्या तिजोरीस फार सोयीचा पडतो. शिवाय, स्वतःस गुलाम म्हणून विकण्याची मुभा ही स्वातंत्र्याची व्याख्या होऊं शकत नाहीं, हेंहि मिल्लनेंच त्या ग्रंथांत सांगितलें आहे. सुधाकराची तिसरी अवस्था गुलामगिरीची नाहीं तर कशाची?

आतां नाटकांतील ज्या जोडीकडे टीकाकारांचें लक्ष पुरेसें जात नाहीं, असें आम्हांस वाटतें, तिकडे वळूं. सुधाकराबरोबर या नाटकांत भगीरथहि दारूकडे वळलेला आहे. प्रेमभंगानें तो त्या वाटेस लागला. रामलालानें त्यास जवळ केलें, लोकसेवेचें काम दिलें, आणि तो सुटला. सुधाकरहि एकदां निश्चयानें दारू सोडतो व नोकरी शोधावयास बाहेर पडतो. पण प्रतिष्ठित मंडळी त्यास उभें करीत नाहींत. त्या अपमानानंतर तो जो प्याल्याकडे परततो तो कायमचा. दारू तीच, मोह तोच. अंतर पडलें तें एकास कोणी हात दिला आणि दुसऱ्यापुढें दार लावून घेतलें, इतक्याचें. म्हणजे ज्यांच्या टाळ्या हें नाटक घेतें, त्या पांढरपेशा प्रेक्षकांवरच त्याचा मुख्य ठपका आहे. गडकऱ्यांच्या भाषेच्या आतषबाजींत तो ठपका आपणांस ऐकूं येत नाहीं, हा नाटकाचा दोष म्हणावा कीं आपला, हें वाचकांनीं ठरवावें.

आमच्यापुरतें आम्हांस तें ठरवितां आलें आहे. आमच्या वर्गांत एक बुद्धिमान विद्यार्थी होता. भगीरथ आणि सुधाकर यांची तुलना त्यानेंच प्रथम एका निबंधांत केली होती. पुढें तो गर्दच्या नादीं लागल्याचें कळलें. पोलिसांचें लचांड मागें लागेल या भीतीनें घरच्यांनीं दोन वर्षें कोणास कांहीं सांगितलें नाहीं. पोर आजारी आहे, इतकेंच ते म्हणत. उपचार घेऊन बरा झाल्यावर तो एके दिवशीं आमच्याकडे शिफारसपत्र मागावयास आला. आम्हीं त्यास चहा दिला, प्रकृतीस जपण्याचा उपदेश केला, आणि पत्र मात्र ‘पुढें पाहूं’ म्हणून टाळलें. तो पुन्हां आला नाहीं. त्याच वर्षीं आम्हीं हें नाटक वर्गांत शिकविलें, आणि सुधाकरास झिडकारणाऱ्या गृहस्थांचा प्रवेश वाचतांना आम्हांस पुस्तकांतून डोकें वर काढवेना.

आतां पुन्हां कायद्याकडे येऊं. केवळ बंदीनें विष थांबतें काय? बंदी असलेल्या गुजराथेंत, अहमदाबादेस, २००९ सालीं विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. मग परवान्यानें थांबतें काय? परवाने असलेल्या मुंबईंत, मालवणीस, २०१५ सालीं शंभरांहून अधिक गेलीं. दोन्हीकडे मेलीं तीं गरिबांचीं माणसें. पोर्तुगालांत जुलै २००१ पासून स्वतःपुरता अल्प साठा बाळगणारास गुन्हेगार न ठरवितां एका मंडळापुढें उभें करतात व उपचाराची वाट दाखवितात. व्यापार मात्र तेथें गुन्हाच आहे. अमेरिकेंतील ऑरेगन राज्यानें २०२० च्या मतदानानें तसाच मार्ग धरला, परंतु उपचाराची सोय उभी राहण्यास विलंब झाला, आणि २०२४ सालीं साठा बाळगणें पुन्हां गुन्हा ठरलें. मोकळीक दिली आणि रामलाल दिला नाहीं, तर काय होतें याचा हा पाठ आहे. आपल्याकडील १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यांतहि, स्वतः होऊन उपचारास जाणाऱ्या व्यसनी माणसास कांहीं अटींवर खटल्यापासून सूट देणारें कलम आहे. तें किती घरांस ठाऊक आहे? आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरीं ठाऊक नव्हतें, आणि लाज वाटते, पण आम्हांसहि नव्हतें.

तेव्हां ‘बंदी कीं मोकळीक’ हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटतो. तळीराम आणि सुधाकर यांस एकाच कलमाखालीं उभें करणारा कायदा जितका आंधळा, तितकाच दोघांसहि मोकळें सोडणाराहि आंधळा. विकणारावर कडक नजर असावी आणि बुडणारास परत येण्याची वाट उघडी असावी, इतकें तरी हें नाटक नीट वाचणारास पटावें. पुण्यांत १९८६ सालीं अनिता व अनिल अवचट यांनीं मुक्तांगण उभारलें, तेव्हां रामलालाचें काम एका माणसाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाहीं, त्यास संस्था हवी, हेंच त्यांनीं दाखवून दिलें.

एका ठिकाणीं मात्र गडकऱ्यांशीं आमचा स्पष्ट मतभेद आहे. सिंधू दळण दळते, उपाशी राहते, शेवटीं पतीसाठीं खोटेंहि बोलते. आणि नाटककार त्या मौनासच तिचें भूषण करतो. ज्या घरांत दारू शिरली तेथील खरी साक्ष बाईचीच असते, आणि तीच या नाटकांत गिळली जाते. ती साक्ष पुढें निराळ्या रीतीनें नोंदली गेली. महाराष्ट्रांत गांवच्या स्त्रियांस मतदानानें दारूचें दुकान बंद करण्याचा अधिकार मिळाला. मतपत्रिकेवर एक उभी बाटली व एक आडवी बाटली. निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनीं आडव्या बाटलीस मत दिलें कीं दुकान उठतें. हा निर्णय वरून उतरलेला नसतो, आणि ज्यास जें हवें तें त्यानें करावें असाहि नसतो. ज्यांच्या घरांत प्याला फुटतो त्यांनींच तो घेतलेला असतो.

‘एकच प्याला’ पुन्हां वाचावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे. पण या खेपेस सुधाकरावर रडण्यासाठीं नव्हे. तो नोकरी मागावयास येतो त्या प्रवेशापाशीं क्षणभर थांबावें, आणि दार उघडणारा गृहस्थ कोण आहे तें नीट पाहावें. आमच्या टेबलाच्या खणांत एक शिफारसपत्र आतां लिहून ठेवलेलें आहे. पत्ता तेवढा ठाऊक नाहीं.