पान बुडवणं आणि पान बघणं

आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त झालंय, ‘निसर्गरूपांवरून घडवलेले समकालीन हस्तनिर्मित दागिने’. मी एक दागिना बरोबर आणलाय, तिथूनच सुरुवात करते.

हे पाहा, पिंपळाचं पान. तांब्याचं आहे. मागे बसलेल्यांना दिसणार नाही म्हणून सांगते, अंगठ्यापेक्षा थोडं मोठं, शीर न् शीर स्पष्ट, आणि पिंपळाच्या पानाला टोकाशी ती लांब शेपटी असते ना, तीसुद्धा जशीच्या तशी. दिवाळीच्या आधी एका प्रदर्शनात घेतलं, साडेसहाशे रुपयांना. विकणारी मुलगी स्वतःच करणारी होती. कसं केलं म्हणून विचारलं, तर तिनं काही लपवलं नाही. पान पाण्यात कुजवून त्याची जाळी करायची. शाळेत असताना आपण सगळ्यांनी पुस्तकात ठेवलेली असते, तीच. मग तिच्यावर वीज वाहून नेणारा रंग लावायचा, ग्राफाइटचा वगैरे. मोरचूद आणि थोडं गंधकाम्ल घातलेल्या पाण्यात टांगायचं आणि मंद विजेचा प्रवाह सोडायचा. काही तासांत पानावर तांबं चढतं. पान आत तसंच राहतं. इलेक्ट्रोफॉर्मिंग म्हणतात याला.

मला ते मनापासून आवडलं होतं, हे आधी कबूल करते. महिना-दोन महिने हौसेनं घातलं. भेटेल तो म्हणायचा, ‘अय्या, खरं पान आहे?’ आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी स्वतः त्याच्याकडे बघतच नाही. पहिल्या दिवशी जे दिसलं, तेवढंच त्यात होतं. असं का व्हावं, यावर मी बराच विचार केला. मला मिळालेलं उत्तर असं, की हा दागिना होताना कुणालाच त्या पानाकडे नीट बघावं लागलं नव्हतं. पान निवडलं, ही एक नजर झाली, ती मी नाकारत नाही. पण त्यानंतर पानाचं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. द्रावणाला तो पडत नाही. (हशा)

आता याच्या शेजारी आपल्या घरातला बकुळीहार ठेवून पाहू. बकुळीचं फूल तुम्ही वेचलं असेल. पहाटे झाडाखाली सडा पडतो. फूल गळताना देठाकडचा भाग झाडावरच राहतो, त्यामुळे खाली पडलेल्या फुलाला मधोमध आपसूक भोक असतं. सुई नसली तरी चालतं, गवताच्या काडीतसुद्धा ओवता येतात. म्हणजे झाडानंच मणी करून दिलेला असतो. ज्या कुणी सोनारानं पहिल्यांदा बकुळीहार घडवला, त्यानं मला वाटतं हेच हेरलं. सोन्यातली बकुळ तुम्ही जवळून पाहिलीत तर ती काही हुबेहूब नसते. खऱ्या फुलाच्या पाकळ्या इतक्या बारीक आणि इतक्या जास्त, की त्या पत्र्यात उतरायच्या नाहीत. त्यानं कडेला किरणांसारखे दाते ठेवले, मधलं भोक ठेवलं, आणि फुलं एकमेकांना खेटून ओवली. खरी बकुळ ओवल्यावर अशीच गच्च बसते. सुगंध देता येणार नव्हता, त्याच्या नादाला तो लागला नाही.

बोरमाळेचंही तसंच आहे. आमच्या आजीची बोरमाळ होती. बोराचा देठ नाही, साल नाही, सुरकुती नाही, फक्त बोराचा लांबट गोल आकार आणि तो भरीवपणा. गंमत म्हणजे तो भरीवपणाही खरा नाही. मणी पातळ पत्र्याचे पोकळ, आत लाख भरलेली. कमी सोन्यात ठसठशीत दागिना व्हावा आणि पत्रा चेपू नये, म्हणून ही युक्ती. आणि लाख म्हणजे काय, तर किड्यांनी झाडाच्या फांदीवर सोडलेला स्राव. म्हणजे बोरमाळेत अस्सल निसर्ग आहेच, पण तो आत, कुणाला न दाखवता, आपलं काम करत बसलेला. मोडीला नेली की सोनार लाखेचं वजन वजा करायचा, तेव्हाच त्याची आठवण. आजचा दागिना असता तर त्याच्या पाकिटावर ‘नैसर्गिक लाखेपासून’ असं छापलं असतं.

जोंधळी पोत, पोहेहार, साजातली मासा-कासव-कारलं ही पानं, या सगळ्यांत हेच दिसतं. यावरून मी ‘आमच्या वेळी’ असा सूर लावणार नाही. एक तर जुनं ते सगळं हातानं आणि मन लावून केलेलं, हे खरं नाही. ठशावर ठोकून शंभर मणी सारखे काढायचे, यात हस्तकला कुठे आणि कारखाना कुठे, हे सांगणं अवघड आहे. फरक एवढाच, की तो ठसा कोरणाऱ्यानं कधीतरी बोर हातात घेऊन पाहिलं होतं. दुसरं, आज दुकानात मिळणारे बरेचसे बकुळीहार मला बकुळीवरून केलेले वाटत नाहीत, बकुळीहारावरून केलेले वाटतात.

इथे कुणी म्हणेल, बाई, खऱ्या वस्तूचा साचा घेणं हे काही आजचं नाही. बरोबर आहे. सोळाव्या शतकात न्यूरेम्बर्गला वेन्झेल याम्नित्झर नावाचा सोनार खरे सरडे, खरं गवत, खरी फुलं यांचे साचे घेऊन चांदीत ओतायचा. त्याचं १५४९ सालचं मेजावरचं मोठं शिल्प अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्यूझियममध्ये आहे. त्यात धरणीमाता उभी आहे आणि हे सगळं तिच्याभोवती उगवलंय. साचा त्याच्यासाठी सुरुवात होती, त्या गवताला कुठे उगवायचं ते याम्नित्झर ठरवत होता. म्हणून माझी तक्रार तंत्राबद्दल नाही. तंत्र संपलं तिथेच काम संपलं, याबद्दल आहे.

आता ज्याचं नाव या विषयात टाळताच येत नाही, तो रने लालिक. पॅरिसचा, १८६० चा जन्म. दागिना म्हणजे हिरे आणि हिऱ्यांची किंमत, असं समीकरण असलेल्या बाजारात यानं शिंग आणलं. गुराढोरांचं शिंग. ते पातळ कोरायचं, इतकं की त्यातून उजेड झिरपतो, आणि त्याचे केसांत खोवायचे कंगवे करायचे. शिंगाचा रंग मुळातच वाळक्या पानाचा आणि लालिकला वाळकी पानंच हवी होती. फुललेलं फूल करायला सगळेच तयार असतात. हा माणूस कोमेजणारं, गळायला आलेलं, बिया धरलेलं झाड बघत होता. त्यामुळे ते साहित्य आणि तो विषय एकमेकांना शोधत आल्यासारखे वाटतात.

त्याचा सगळ्यांत प्रसिद्ध दागिना म्हणजे चतुराचा, १८९७-९८ च्या सुमाराचा. लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. चतुर म्हणजे तोच, पावसाळ्यानंतर आपल्या अंगणात घिरट्या घालतो तो. त्याच्या जबड्यातून एका बाईचं धड बाहेर येतंय. किंवा तो तिला गिळतोय. आजवर मला ठरवता आलेलं नाही. पंख पारदर्शक मिन्याचे, मागे पत्रा नसलेले, रंगीत काचेच्या खिडकीसारखे, आणि पुढे राक्षसी नखांचे पंजे. लांबीरुंदी जवळजवळ वीतभर, म्हणजे हे अंगावर घालून कुणी जेवायला बसणार नाही. (हशा) पण ‘निसर्गप्रेरित’ या शब्दाला आपण जो एक गोडवा चिकटवलाय, फुलपाखरू, पानफूल, हिरवळ, तो इथे पार उडून जातो. चतुर शिकारी कीटक आहे, हे लालिकला माहीत होतं.

साहित्याचा मुद्दा निघालाच आहे, तर त्यावर एक गोष्ट बोलते, कारण आज ‘नैसर्गिक’ हा शब्द दागिन्यांच्या बाजारात पुण्य मिळाल्यासारखा वापरला जातो. शिंपला, बी, लाकूड वापरलं की दागिना आपोआप चांगला. कशावरून? नॉटिलसचा शंख नैसर्गिकच आहे, पण आपल्या वन्यजीव कायद्यानं तो प्राणी संरक्षित आहे. समुद्रपंखाचंही तेच. आणि बी-शिंपल्यांना मालकीचा प्रश्नही असतो. न्यूझीलंडमध्ये हा प्रश्न उघडपणे आला. १९८८ साली ‘बोन स्टोन शेल’ नावाचं तिथल्या नव्या दागिन्यांचं प्रदर्शन परदेशी फिरलं. हाड, दगड, शंख. युरोपीय वंशाच्या कारागिरांनी सोनं-हिरे बाजूला ठेवून पावा नावाचा निळा-हिरवा शंख हाती घेतला. तोवर तो पर्यटकांच्या दुकानातली स्वस्त शोभा होता. त्यांतला वॉरिक फ्रीमन मला फार आवडतो. त्याची फुलं, पानं, तारे इतके साधे होत जातात की चिन्हंच उरतात. पण लगेच प्रश्न आला, की हाड-दगड-शंख घालण्याची ही रीत माओरींची आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांची, ती तुम्ही कुठल्या नात्यानं घेता? तिथला हिरवा दगड, पौनामू, १९९७ च्या कायद्यानं नाय ताहू या माओरी समाजाच्या मालकीचा झाला. नदीकाठी सापडलेला दगडसुद्धा ‘निसर्गानं दिलाय’ एवढ्यावर उचलता येत नाही.

आणि याच्या उलट टोकाला नोरा फोक. मूळची हाँगकाँगची, काम इंग्लंडमध्ये. ती नायलॉनचा एकेरी तंतू विणते, गळाला लावतात तसला. प्लॅस्टिकच की! पण तिचे दागिने बघताना बीज, परागकण, पाण्याचे बुडबुडे आठवतात. कारण एकच धागा वाढत वाढत पोकळ, हलकी आकृती कशी धरतो, हे तिनं पाहिलंय. त्या कामात निसर्गातला एक कणही नाही, आणि माझ्या या पिंपळाच्या पानात अख्खं पान आहे.

आता पुन्हा त्या प्रदर्शनातल्या मुलीकडे, कारण तिच्यावर अन्याय करून मला जायचं नाही. तिच्या टेबलाच्या कोपऱ्यात चांदीची एक कानातल्यांची जोडी होती. चिंचेचे आकडे. चांदीच्या पत्र्याला नुसते फुगवटे दिलेले आणि मधे मधे चिमटे. एका आकड्यात मधला एक फुगवटा नव्हताच, तिथे पत्रा सपाट. बी न धरलेली जागा! चिंच फोडून खाल्लेल्या माणसालाच हे सुचतं. मी म्हटलं, ‘अगं, हे पुढे का नाही मांडलंस?’ तर म्हणाली, ‘ताई, हे कुणी घेत नाही. काय आहे ते ओळखूच येत नाही म्हणतात. पानं पटापट जातात.’ चिंचेच्या जोडीला तिचे दोन दिवस गेले होते आणि किंमत चौदाशे. पानं ती एका वेळी वीस टांगते.

मी काय घेतलं, तुम्हाला माहीत आहे. ते माझ्या हातात आहे. ‘खरं पान आहे?’ हा प्रश्न मला ऐकायचा होता. पुढच्या खेपेला तिच्या टेबलावर चिंच नसेल, तर त्यात तिचा दोष किती आणि माझ्यासारख्यांचा किती? आपण समीक्षा करणारी माणसं करणाऱ्यांना फार बोलतो, घेणाऱ्यांना सोडून देतो.

मी इथे थांबते. वेळ आहे ना प्रश्नांना? हो, ताई, बोला.

(श्रोत्यांतून प्रश्न: माझ्या नातीला गुंजांचं ब्रेसलेट कुणीतरी दिलंय. लाल-काळ्या बियांचं. ते या तुमच्या चांगल्या दागिन्यांत बसतं का?)

दिसायला सुंदरच असणार. गुंज ही सोनाराची जुनी मैत्रीण. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे सोनं तोलायचं मापच ते. पण ताई, नात किती वर्षांची आहे? चार? मग आज घरी गेल्यावर ते काढून ठेवा. गुंजेच्या आत अ‍ॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. अख्खी बी असेल तर वरचं टणक कवच बऱ्याच अंशी ते आत ठेवतं. ओवायला भोक पाडलं की ते कवचच फुटलेलं असतं, आणि लहान मूल हातातलं तोंडात घालतंच. इंग्लंडमधल्या ईडन प्रोजेक्टनं २०११ मध्ये आपल्या दुकानातून विकलेली अशीच ब्रेसलेट परत मागवली होती. तिला रंग आवडला असेल तर लाल-काळे काचेचे मणी घेऊन द्या. आणि कुणी दिलंय त्यांनाही सांगा, त्यांनी आणखी दोन-चार जणांना दिलं असेल.