सूचिछिद्रातून काय दिसत नाही



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे डबे आणि भोकं कुठून काढलीत?" सांगतो. आपल्या नाशकातली काही हौशी मुलं पत्र्याच्या डब्याला सुईने भोक पाडून फोटो काढतात आणि घरचं न्हाणीघर अंधारं करून तिथेच ते धुतात. त्यांनी मला पंधरा-वीस चित्रं आणून दाखवली, वर म्हणाले, "परखड बोला." निवृत्त मास्तरला असं म्हणणं म्हणजे आयतं आमंत्रणच. तेव्हा आज परखड बोलतो.

आधी हे यंत्र समजून घेऊ. शाळेच्या पुस्तकात त्याला सूचिछिद्र प्रतिमाग्राहक म्हणतात. बंद डबा, एका बाजूला बारीक भोक, समोरच्या बाजूला फोटोचा कागद. भिंग नाही. शटर म्हणजे भोकावर चिकटवलेली काळी टेप. प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून प्रतिमा उलटी पडते. हंपीला विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. खंडग्रास ग्रहणात झाडाखाली कोरीच्या आकाराचे कवडसे पडतात, तेही हेच. पानांमधली फट हे भोक आणि जमीन हा कागद.

आता पहिला मुद्दा. या मुलांच्या बोलण्यात एक वाक्य सारखं येतं: "लेन्स खोटं बोलते, पिनहोल खरं बोलतं." हे मला मान्य नाही. भोक मोठं केलं तर चित्र फिसकटतं. म्हणून लहान करावं, तर एका मर्यादेनंतर प्रकाशाचं विवर्तन वाढतं आणि चित्र पुन्हा फिसकटतं. मधलं माप शोधावं लागतं. लॉर्ड रॅले यांनी 1891 साली यावर निबंध लिहिला. त्यांच्या सूत्राने हिशेब केला तर दहा सेंटिमीटर खोल डब्याला साधारण 0.45 मिलिमीटरचं भोक लागतं. म्हणजे इथेही तडजोड आहेच. भिंगाची तडजोड कारखान्यात होते, इथली आपण सुई आणि पॉलिश पेपर घेऊन करतो. ती आपल्या हातची आहे हे तिचं मोल. तेवढ्याने ती सत्य होत नाही.

दुसरा मुद्दा. धूसर म्हणजे काव्यमय, हे समीकरण सोडा. त्या पंधरा-वीस चित्रांतली निम्मी अशी होती, की तीच मोबाइलवर काढली असती तर कोणी दुसऱ्यांदा पाहिली नसती. देवळाचा कळस, जुना वाडा, एकटं झाड. डब्याने काढलं म्हणून कौतुक. हे कष्टांचं कौतुक झालं, चित्राचं नव्हे.

पण एक चित्र मी बाजूला काढून ठेवलं. रामकुंडाचं. सकाळची वेळ, घाट सावलीत, सुमारे चार मिनिटं भोक उघडं ठेवलेलं. फोटोचा कागद फिल्मच्या मानाने फारच मंद असतो. त्या मापाच्या डब्यात भर उन्हातही अर्धा मिनिट लागतो. सावलीत चार मिनिटं म्हणजे काही विशेष नाही. चित्रात घाट जवळजवळ रिकामा आहे. पायऱ्या, पाणी आणि एका कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी बाई, तीही पुसट. मुलाने खाली शीर्षक दिलं होतं, "एकांत".

मी विचारलं, "अरे, त्या वेळी घाटावर किती माणसं होती?"

म्हणाला, "खूप होती सर. दहाव्याचे विधी चालले होते, भाजीवाल्या होत्या, पोरं पोहत होती."

"मग ती कुठे गेली?"

"हलत होती ना, म्हणून उमटली नाहीत."

बघा, इथे माझा विषय सुरू होतो. 1838 साली दागेरने पॅरिसच्या एका हमरस्त्याचं चित्र घेतलं. वर्दळीचा रस्ता, पण चित्रात सगळा ओस. दिसतो तो बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो थांबला होता. आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान आपल्याला घट न दिसण्यातून होतं. पण त्यांनी एक अट घातली. ते न दिसणं योग्य हवं. म्हणजे घट तिथे असता तर तो नक्की दिसला असता, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही.

हीच अट या चित्राला लावा. चालता माणूस या डब्याला दिसूच शकत नाही. पाच सेकंदांत कुणी समोरून गेलं, तर चार मिनिटांच्या हिशेबात त्याचा वाटा अठ्ठेचाळिसावा. तो उमटणार कसा? म्हणून डब्याचं न दिसणं हे अयोग्य आहे, आणि त्यावरून "एकांत" हा निष्कर्ष निघत नाही. त्या मुलाला मी म्हटलं, चित्र उत्तम आहे, शीर्षक खोटं आहे. चार मिनिटं कोण थांबलं, एवढंच हे चित्र सांगतं. आणि ती म्हातारी का थांबली होती, तिला जायला जागा होती का, हा प्रश्न या चित्रातून उठतो. "एकांत" म्हटलं की तो प्रश्न झाकला जातो.

आता हाच न्याय घरातल्या अंधाऱ्या खोलीला लावू. नाशिककरांना उदाहरण लांब शोधायला नको. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि 1944 साली गेले तेही इथेच, नाशकात. 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन ते परतले, तेव्हा त्यांची प्रयोगशाळा कुठे होती? दादरच्या राहत्या घरात. कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. ती भोकं अंधारात पाडण्याचं काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्याचंही शिकल्या. शिवाय चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. 3 मे 1913 रोजी कॉरोनेशन थिएटरात "राजा हरिश्चंद्र" लोकांसमोर आला. पडद्यावर त्या कुठेही नाहीत. त्या सतत हलत होत्या, म्हणून इतिहासाच्या कागदावर फिकट उमटल्या. "हरिश्चंद्राची फॅक्टरी" या 2009 च्या चित्रपटात त्या जरा ठळक दिसल्या, बरं वाटलं.

मी स्वतः यातून सुटलेलो नाही. सत्तरच्या दशकात मीही घरी फोटो धुवायचो. इंदू फिल्म, उसना एनलार्जर, न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी, लाल दिवा. रविवारी दुपारी दोन-तीन तास न्हाणीघर माझं. पाणी सकाळी यायचं, तेव्हा प्रिंट धुवायच्या बादल्या कोण भरून ठेवायचं? दारावर "आत्ता उघडू नका" म्हणून पहारा कोण करायचं? ती समोरच बसली आहे, म्हणून जपून बोलतो. मध्यंतरी जुने प्रिंट काढून मोजले. साठेक आहेत. तिचे दोन. माझ्या मित्राच्या स्कूटरचे चार. (हशा)

आणखी एक कबुली, ही जास्त गंभीर आहे. वापरलेला हायपो मी वर्षानुवर्षं मोरीत ओतला. हायपो कागदावरची न वापरली गेलेली चांदीची संयुगं विरघळवून घेतो, म्हणूनच चित्र टिकतं. पण ती चांदी मग त्या पाण्यात असते आणि पाण्यातल्या जिवांना ती घातक ठरते. नाशकात मोरीतलं पाणी शेवटी कोणाकडे जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्वी एक्स-रेवाले वापरलेला हायपो फेकत नसत, त्यातून चांदी काढणारे लोक तो घेऊन जात. हौशी माणसाचा हायपो थोडा असतो हे खरं. पण रामकुंडाचं सुंदर चित्र काढायचं आणि त्याचा हायपो गोदेत सोडायचा, याला काय म्हणावं? माझ्या काळी मला हे सुचलं नाही. तुम्हाला आज कळलं आहे. कॅनमध्ये साठवा. त्यात स्टील वूल टाकलं की लोखंड विरघळतं आणि चांदी गाळात बसते. तो गाळ आणि उरलेलं पाणी दोन्ही घातक कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

मग हा छंद करावा का? जरूर करावा. वाट पाहिल्याशिवाय इथे काही मिळत नाही, आणि चूक झाली तर ती कोणाची, हे लगेच कळतं. एवढं शिक्षण मला चाळीस वर्षांच्या वर्गात देता आलं नाही. फक्त माझं एक मागणं आहे. प्रत्येक चित्राच्या मागे भोक किती वेळ उघडं होतं ते लिहा. त्या वेळात समोरून कोण कोण गेलं, जेवढं आठवेल तेवढं लिहा. आणि पाणी कोणी भरलं, दार कोणी सांभाळलं, त्यांचीही नावं लिहा. डबा जे पाहू शकत नाही, ते सांगण्याची जबाबदारी डबा धरणाऱ्याची आहे.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल दिवस असतो. ही मुलं घाटावर डबे घेऊन बसतील, तेव्हा त्यांच्या समोरून जाणाऱ्यांनी चार मिनिटं थांबून बघायला हरकत नाही. उमटाल तरी.

आता प्रश्न घेऊ.