गोबानगिरी

मैत्री आणि खोटा आळ या विषयावरील एक जपानी ऐतिहासिक चित्रपट. नावाचा शब्दशः अर्थ ‘गोच्या पटाचा छेद’ असा असून परदेशांत तो ‘बुशिदो’ या नावाने दाखविण्यात आला. जपानमध्ये मे २०२४ मध्ये प्रदर्शित. दिग्दर्शक शिराइशी काझुया (१९७४– ). पटकथा कातो मासातो यांची. गुन्हेगारी जगावरील चित्रपटांमुळे ख्याती पावलेल्या शिराइशी यांचा हा पहिलाच कालपट (जिदाइगेकी) होय.

कथाबीज ‘यानागिदा काकुनोशिन’ या जुन्या राकुगो-कथेतून घेतले आहे. राकुगो म्हणजे आसनावर बसून, केवळ पंखा व हातरुमाल यांच्या साहाय्याने सादर करावयाचे एकपात्री कथाकथन. विसाव्या शतकात पाचवे कोकोन्तेई शिन्शो (१८९०–१९७३) व त्यांचे पुत्र तिसरे कोकोन्तेई शिन्चो (१९३८–२००१) या नामवंत कथाकारांनी ही कथा सांगितली. राकुगोच्या विनोदी परंपरेत ती काहीशी एकाकीच वाटते. कारण तीत हसू थोडे आणि घुसमट फार.

काकुनोशिन हा हिकोने संस्थानातून बाहेर पडलेला धनीविहीन सामुराई (रोनिन). एदो (सध्याचे टोकिओ) नगरातील चाळीत तो मुलीसह दारिद्र्यात राहतो. गोच्या खेळातून धनिक व्यापारी गेन्बेई याच्याशी त्याचा स्नेह जुळतो. गो हा एकोणीस उभ्या व एकोणीस आडव्या रेषांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळावयाचा डाव. समोरच्याचा स्वभाव तो फार काळ झाकू देत नाही. काकुनोशिनच्या सरळ खेळाने चिक्कू गेन्बेई व्यवहारातही सरळ होऊ लागतो, हे चित्रपटाने सुरेख दाखविले आहे. शरदातील पौर्णिमेच्या रात्री दोघे खेळात दंग असता गेन्बेईच्या हाती आलेले पन्नास ऱ्यो नाहीसे होतात आणि संशय निर्धन पाहुण्यावर येतो.

येथे कथेचे मर्म आहे. गेन्बेईचा मित्रावर विश्वास असतो; विचारणा करावयास जातात ती त्याच्या पेढीची माणसे. परंतु सामुराईला प्रश्न हाच निवाडा वाटतो. तो निर्दोष असूनही पैसे भरावयास तयार होतो, आणि मुलगी ओकिनू त्यासाठी योशिवारा या वेश्यावस्तीत स्वतःला गहाण टाकते. पैसे अन्यत्र सापडल्यास धनी व चाकर या दोघांचीही मस्तके घेईन, अशी काकुनोशिनची अट असते. पुढे वर्षअखेरच्या साफसफाईत ते घरातच एका चौकटीमागे सापडतात. लघुशंकेस जाताना गेन्बेईनेच ते तेथे ठेवलेले असतात.

बापाच्या अब्रूची किंमत मुलीने द्यावी, ही गोष्ट राकुगोच्या श्रोत्यांनाही बोचत असावी. कथेचा शेवट कथाकारागणिक बदलतो, आणि काही पाठांत मुलीचा विवाह त्याच कारकुनाशी लावून दिलेला आढळतो. चित्रपटाने हा बोच दोन युक्त्यांनी मऊ केला आहे. कुंटणखान्याची मालकीण ओको हिला समंजस दाखवून तिने वर्षअखेरची मुदत दिली आहे, आणि तरुण चाकर याकिची व ओकिनू यांची प्रीती आधीच पेरून ठेवली आहे. त्यामुळे उत्कंठा वाढते, पण ओकिनूच्या त्यागाचा भयंकरपणा उणावतो.

पटकथेतील मोठी भर सूडाची. संस्थानातही काकुनोशिनवर चोरीचा आळ आलेला होता. खरा अपराधी शिबाता ह्योगो हाच आपल्या पत्नीच्या मृत्यूसही कारण झाला, हे कळताच तो त्याच्या शोधात निघतो. या प्रवासात मैत्रीचा धागा बराच वेळ सुटतो, हा चित्रपटाचा दोष म्हणावा लागेल. मात्र ह्योगोच्या तोंडी घातलेला प्रत्यारोप मोलाचा आहे : काकुनोशिनच्या कठोर सचोटीने कित्येक सामान्य सेवकांची उपजीविका गेली. मूळ कथेत निष्कलंक असलेल्या नायकाला यामुळे सावली लाभते. अंतिम सामन्यातील ‘इशि नो शिता’ हा डावही सूचक आहे. त्यात आपल्या सोंगट्या मारू देऊन, मोकळ्या झालेल्या जागेतच पुन्हा खेळी करावयाची असते.

शेवटी धनी व चाकर एकमेकांसाठी प्राण देऊ करतात, तेव्हा तलवार पटावर पडते. याला क्षमा म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु ज्या पटाने दोघांना एकत्र आणले तोच दुभंगतो, हेही विसरता येत नाही. प्राण वाचले तरी त्या रात्रींचा निःशंक खेळ परत येणार नाही, हे शिराइशी यांनी संवादांवाचून सांगितले आहे.

काकुनोशिनच्या भूमिकेत कुसानागी त्सुयोशी यांनी संताप चेहऱ्यावर फार उशिरा येऊ दिला आहे. गेन्बेई झालेले कुनिमुरा जुन त्यांच्याहून किंचित सरस वाटतात. सोंगटी ठेवण्यापूर्वी त्यांचा हात क्षणभर थबकतो, तेवढ्यात त्या व्यापाऱ्याचा पालट दिसून येतो. ओकिनू कियोहारा काया यांनी, ओको कोइझुमी क्योको यांनी, तर ह्योगो साइतो ताकुमी यांनी साकारला आहे.