'असुर' : गुन्हेगार खरा, पुरावा खोटा

'पेट'ची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने परवा विचारलं, "ताई, संशोधनावर एखादी वेबसिरीज आहे का हो?" मी म्हटलं, 'असुर' बघ. तिला वाटलं, मी गंमत करतेय. पण नाही. पुराव्याशी कसं वागू नये, हे शिकायला मला ही मालिका उपयोगी पडली. (पुढे कथेतलं रहस्य उघड केलंय. बघायची असेल तर आधी बघून या.)

ओनी सेन दिग्दर्शित ही हिंदी मालिका 2020 मध्ये आली. सीबीआयची फॉरेन्सिक टीम एका खुन्याच्या मागावर आहे. तो प्रेतांची बोटं कापतो आणि असुराचा मुखवटा मागे ठेवतो. टीममधला निखिल (बरुण सोबती) आणि त्याचा जुना गुरू धनंजय राजपूत (अर्शद वारसी), दोघेही आतून पोखरलेले. वारसीने तो थकवा फार न बोलता दाखवलाय. प्रयोगशाळेतले प्रसंगही पकड घेतात. तिथले अहवाल फारच लवकर येतात, ही माझी तक्रार किरकोळ आहे. अमरावतीतही न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. बातम्यांमध्ये 'अहवालाची प्रतीक्षा' हे शब्द आपण नेहमी वाचतो, त्यामुळे ते आपल्याला खटकतं इतकंच.

खरी अडचण वेगळी आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी बनारसच्या शुभ नावाच्या मुलावर बापाच्या खुनाचा संशय असतो. धनंजयला खात्री आहे, पण हातात पुरावा नाही. मग तो पुरावा पेरतो आणि मुलगा आत जातो. पुढचं सगळं रक्त या एका कृतीतून निघतं. लेखकांनी मूळ बरोबर ओळखलंय. पण मग ते मागे सरकतात, कारण शुभ खरोखरच दोषी निघतो. बघणारा मनात म्हणतो, 'पुरावा खोटा होता, पण माणूस तर बरोबरच पकडला ना!' तिथे धनंजयला अर्धी माफी मिळून जाते.

वास्तवात ही सोय नसते. तिथे शेवटच्या भागात खरं उत्तर सांगायला लेखक येत नाही. पुण्याचं उदाहरण घ्या. जून 2008 मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली. इतर पुराव्यांसोबत तिच्या मेंदूची 'बीईओएस' चाचणीही ग्राह्य धरली गेली. सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेल्या या चाचणीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावतात आणि गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवतात. संशयिताने काही बोलायचं नसतं. मेंदूतल्या विद्युत लहरींवरून, ही घटना त्याने स्वतः अनुभवली की फक्त ऐकली, हे कळतं असा दावा. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या तंत्राला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली.

मला यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती वाक्यं कोण तयार करतं? तपास करणारे. म्हणजे गुन्हा कसा घडला असेल याबद्दलचा त्यांचाच अंदाज संशयिताला ऐकवायचा, आणि मेंदू हलला की तो अंदाज सिद्ध झाला म्हणायचं. भीतीनेही मेंदू हलतोच की! यंत्र कितीही महागडं असलं तरी प्रश्नातच उत्तर भरलेलं असेल, तर ते आपलंच म्हणणं आपल्याला परत ऐकवतं.

हसू नका, आपणही हेच करतो. अकोला जिल्ह्यात कापूस उत्पादकांसाठी मी पहिली प्रश्नावली नेली, त्यात प्रश्न होता: 'कर्जामुळे तुम्हाला मानसिक त्रास होतो का?' एका काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, उत्तर तं तुमीच लिहून आणलं. मंग मले कायले इचारता?" पायलटचे ते सगळे फॉर्म मी बाजूला ठेवले. दोन महिने गेले. गाईडला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आणि खरं सांगते, एका रात्री 'निष्कर्ष तर बरोबरच आहे, राहू दे हे फॉर्म' असंही मनात आलं होतं. धनंजय राजपूत तेव्हा माझ्या टेबलावर बसलेला होता.

कर्जाचा त्रास असतो, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. पण माझ्या त्या फॉर्मांनी ते सिद्ध होत नव्हतं.

तेव्हा 'असुर' जरूर बघा. बघताना धनंजय पुरावा पेरतो तिथे थांबा, आणि शुभ निर्दोष निघाला असता तर ही मालिका तुम्हाला कशी वाटली असती, ते स्वतःला विचारा. मग आपला रिसर्च प्रपोजल काढा आणि गृहीतकाच्या खाली एक ओळ लिहा: 'नेमकं काय सापडलं तर मी चुकलो असं मानेन?' ती ओळ सुचत नसेल, तर फील्डवर जायची घाई करू नका.